काँक्रीट ओतण्यापूर्वी रिंगा कोण मोजतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पर्वरी, ताळगाव, मडगाव, फोंडा, म्हापसा या परिसरांत अलीकडे जी निवासी संकुले उभी राहिली, त्यांच्या माहितीपत्रकांत ‘भूकंपरोधक आर.सी.सी. चौकट’ असा उल्लेख हमखास आढळतो. ग्राहक तो वाचतो आणि फरशीचा प्रकार, नळांची कंपनी, लिफ्टची क्षमता यांकडे वळतो, कारण त्या दाव्याची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे तरी ते असावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु संरचना अभियंत्याच्या सहीचा दाखला फायलीला जोडला गेला की तेथेही विषय संपतो. इमारतींच्या चौकटींचे आराखडे करण्यात नोकरीची सारी वर्षे घालवलेला माणूस म्हणून, या दाखल्यामागे काय असायला हवे आणि माझ्या पाहण्यात बहुधा काय असते, हे आपल्या वाचकांपुढे मांडू इच्छितो.

गोव्यात भूकंप होत नाही, हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. भूकंपाने येथे इमारत कोसळल्याचे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही, हे खरेच. तथापि आय.एस. १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा झोन तीनमध्ये आहे (झोन म्हणजे भूकंपाच्या धोक्यानुसार पाडलेले देशाचे विभाग; आकडा मोठा तितका धोका जास्त), आणि २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबादही झोन तीनमध्येच होते. भूकंपाचे केंद्र त्या शहरापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही तेथे आर.सी.सी. चौकटीच्या अनेक बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. कोयनानगर पणजीपासून सरळ रेषेत साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, आणि तेथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे काय घडले ते जुन्या पिढीला सांगायला नको. मी या दोन भूकंपांची बरोबरी करीत नाही. भूजचा भूकंप ७.७ परिमाणाचा होता, कोयनेचा साडेसहाच्या आसपासचा. परिमाणातील एका अंकाचा फरक म्हणजे मुक्त होणाऱ्या ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींचा फरक असतो. शिवाय अहमदाबादच्या पोटातील साबरमतीच्या गाळाच्या थरांनी हादरे वाढवले, आणि आपल्याकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर बांधलेल्या घराला ती धास्ती नाही. मात्र मांडवी आणि जुवारीच्या काठी खाजन जमिनीत भराव टाकून जी बांधकामे झाली आहेत, त्यांच्याखालीही मऊ गाळच आहे. आणि झोनच्या नकाशावर किती विसंबायचे याचाही विचार व्हावा, कारण ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. पुढे २००२ च्या आवृत्तीत तो झोनच रद्द करण्यात आला.

आता मूळ मुद्दा. भूकंपात इमारतीवर बाहेरून कोणी बळ लावत नाही. जमीन हलते, इमारतीचे वजन जागच्या जागी राहू पाहते, आणि या ओढाताणीतून चौकटीत आडवे बळ निर्माण होते. म्हणूनच ते इमारतीच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. समजा, तळाशी पार्किंग आणि वर चार मजल्यांचे फ्लॅट अशी एक इमारत आहे, गच्चीसह पाच स्लॅब आहेत, प्रत्येक स्लॅब ३०० चौरस मीटरचा आहे आणि भिंतींसह दर चौरस मीटरला सुमारे १.२ टन वजन धरले आहे. एकूण वजन १,८०० टन झाले. झोन तीनचा गुणांक ०.१६ आहे आणि एवढ्या उंचीच्या इमारतीसाठी कंपनाची वाढ अडीच पट धरतात. म्हणजे मानकाने गृहीत धरलेल्या सर्वांत मोठ्या हादऱ्यात, चौकट जराही न तुटता ताठ राहायची असेल तर, तिला वजनाच्या ४० टक्के, म्हणजे ७२० टन आडवे बळ पेलावे लागेल. आराखड्यासाठी मानक त्याच्या निम्मे, ३६० टन, धरायला सांगते. एवढ्यावरही थांबत नाही. त्या बळाला आणखी एका आकड्याने भागण्याची मुभा असते, आणि तो आकडा तन्य, म्हणजे न कोसळता वाकू शकणाऱ्या, चौकटीसाठी ५, साध्या चौकटीसाठी ३ असतो. पाचने भागले की उरले ७२ टन. त्यावर पुढे सुरक्षा गुणक लागतो, काँक्रीट आणि पोलाद यांची राखीव ताकदही असते. तरीही मोठा हादरा बसला तर ही चौकट आपल्या ताकदीच्या पलीकडे जाणार, ठिकठिकाणी तडकणार, हे आराखडा करतानाच मान्य केलेले असते.

पाचने भागण्याची ही सवलत फुकट मिळत नाही. चौकट वाकेल, सळई ताणली जाईल, काँक्रीटला भेगा पडतील, परंतु कॉलम खचून मजले एकावर एक बसणार नाहीत, अशी हमी अभियंत्याने त्या बदल्यात दिलेली असते. ही हमी ज्या तपशिलांतून पाळायची ते आय.एस. १३९२० या मानकात लिहिलेले आहेत. झोन तीनमध्ये साध्या चौकटीला २०१६ च्या मानकाने परवानगीच ठेवलेली नाही, त्यामुळे तीनने भागून सुटण्याचा मार्गही बंद आहे. माझी तक्रार नेमकी येथे आहे. संगणकावर गणित करताना पाचचा आकडा घातला जातो आणि बळ कमी करून घेतले जाते. पण साइटवर जाणाऱ्या नकाशात तपशील मात्र साध्या चौकटीचेच असतात. कॉलमच्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगांविषयी ‘सर्व रिंगा ८ मिमी, १५० मिमी अंतरावर’ अशी एक ओळ कोपऱ्यात टाकून अख्ख्या इमारतीचे नकाशे निघालेले मी पाहिले आहेत. सवलत घेतली आणि मोल चुकवले नाही, असा हा व्यवहार आहे.

रिंगेसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर एवढे का अडून बसायचे, हे सांगायला हवे. कॉलममधील उभ्या सळ्या आणि त्यांच्यामधले काँक्रीट यांना आवळून धरण्याचे काम रिंग करते. भाताच्या पेंढीचा बंध सुटला की ती विस्कटते, तसेच रिंग उघडली की आतल्या काँक्रीटचा चुरा होतो, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि वरचा भार पेलायला काही उरत नाही. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, रिंगेचे टोक. ते १३५ अंशांत वाकवून कॉलमच्या गाभ्यात किमान ६५ मिलिमीटर शिरले पाहिजे. आपल्याकडचा बार-बेंडर ते काटकोनात वाकवून मोकळा होतो, कारण काटकोनी रिंग सळ्यांवर चढवायला सोपी जाते. हादऱ्यात कॉलमचे कव्हर, म्हणजे रिंगेबाहेरचा काँक्रीटचा थर, गळून पडले की काटकोनी टोक सरळ होते आणि रिंग उघडते. आत शिरलेले टोक गाभ्याच्या काँक्रीटमध्ये रुतून राहते. दुसरी गोष्ट म्हणजे कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगांचे अंतर. उदाहरणार्थ ३०० × ४५० मिलिमीटरचा कॉलम घेतला आणि त्यात १६ मिलिमीटरच्या सळ्या असल्या, तर स्लॅबच्या वर आणि बीमच्या खाली ४५० मिलिमीटरपर्यंत रिंगा ७५ मिलिमीटरवर, म्हणजे चार बोटे मावतील न मावतील एवढ्या जवळ, बसवाव्या लागतात. मधल्या भागात १५० चालतात. शिवाय ४५० च्या बाजूला मध्ये आडवा हूक लागतो आणि टोकांना रिंग आठऐवजी दहा मिलिमीटरची करावी लागते.

याचा खर्च किती, असा प्रश्न बिल्डर विचारतो आणि तो रास्त आहे. सगळीकडे ८ मिलिमीटरच्या रिंगा २०० वर बांधण्याच्या रूढ पद्धतीशी तुलना केली, तर वरच्या उदाहरणात एका मजल्याच्या एका कॉलममागे पंधरा-वीस किलो सळई अधिक लागते. वीस कॉलमच्या पाच मजली उंचीच्या इमारतीत ती दोन टनांच्या आत-बाहेर जाईल. अशा इमारतीत एकूण किती टन सळई जाते ते बांधकामातला कोणीही सांगेल. त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. खरी अडचण पैशाची नाही, कामाच्या रीतीची आहे.

बीम आणि कॉलम जेथे मिळतात तो सांधाच पाहा. मानक म्हणते की कॉलमच्या रिंगा सांध्यातूनही अखंड गेल्या पाहिजेत. प्रत्यक्षात काय होते? बीमचा पिंजरा शटरिंगच्या वर, हात पोचेल अशा उंचीवर बांधतात आणि मग चारजण मिळून तो बीमच्या खोक्यात सोडतात. चारी बाजूंनी बीमच्या सळ्या येऊन बसल्या की सांध्यात रिंग सरकवायला वाव राहत नाही, आणि मुकादम ‘नंतर घालू’ म्हणतो. नंतर काँक्रीट येते. यावर उपाय आहेत. पिंजरा सोडण्याआधीच सांध्याच्या रिंगा उभ्या सळ्यांना बांधून जागेवर ठेवता येतात आणि मग बीमच्या सळ्या एकेक करून ओवता येतात. वेळ लागतो, एवढेच. तसेच उभ्या सळ्यांचा जोड. स्लॅब झाला की त्याच्या वर हातभर सळ्या सोडायच्या आणि पुढच्या मजल्याच्या सळ्या तेथेच जोडायच्या, ही आपल्याकडची सार्वत्रिक पद्धत. ज्या जागी कॉलमला सर्वाधिक वाकण्याचा ताण सोसायचा असतो, नेमक्या त्याच जागी हा जोड पडतो. मानक तो कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्यायला सांगते.

कॉलमच्या रुंदीविषयीही लिहायला हवे. भिंत २३० मिलिमीटरची, म्हणून कॉलमही २३० चा, म्हणजे खोलीत कोपरा दिसत नाही आणि कपाट भिंतीला चिकटून बसते. आता २०१६ च्या मानकाप्रमाणे कॉलमची कोणतीही बाजू ३०० पेक्षा कमी चालत नाही, आणि बीममधून येणारी सळई १६ मिलिमीटरची असेल तर ३२० लागते. २३० च्या कॉलमवर ६०० खोलीचा बीम टेकवला की कॉलमपेक्षा बीमच बळकट होतो आणि हादऱ्यात आधी कॉलम मोडतो. बीम मोडला तर त्या खोलीचे नुकसान होते. कॉलम मोडला तर वरचे सगळे मजले खाली येतात. म्हणूनच सांध्यावर मिळणाऱ्या कॉलमची एकत्रित ताकद बीमच्या ताकदीच्या किमान १.४ पट असावी, असा दंडक घातला आहे.

अहमदाबादला पडलेल्या बऱ्याच इमारतींत एक साम्य होते: तळमजल्यावर गाड्या ठेवण्यासाठी नुसते कॉलम आणि वर भिंतींनी भरलेले मजले. गोव्यात जमीन महाग, पार्किंग सक्तीचे, त्यामुळे आज बहुतेक नव्या इमारती स्टिल्टवरच, म्हणजे अशा नुसत्या कॉलमवर, उभ्या आहेत. आराखडा करणारा बहुधा भिंतींना केवळ वजन समजतो. पण चिऱ्याची वा ब्लॉकची भिंत चौकटीत घट्ट बसली की ती तिरप्या आधारासारखी काम करते आणि वरचा प्रत्येक मजला कमालीचा ताठ होतो. तळमजल्यावर भिंती नाहीत, त्यामुळे सारी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते, आणि वरचा ठोकळा जसाच्या तसा राहून खालचे कॉलम दोन्ही टोकांना मोडतात. २००२ च्या मानकात अशा मजल्याचे कॉलम आणि बीम अडीच पट बळासाठी आखण्याचा पर्याय होता. २०१६ च्या आवृत्तीने आर.सी.सी. भिंती किंवा ब्रेसिंग (तिरपे आधार) देऊन तो मजला ताठ करण्याचा मार्ग सांगितला आहे. जिना आणि लिफ्टभोवतीच्या भिंती काँक्रीटच्या करून त्या पायापासून गच्चीपर्यंत नेल्या, आणि विरुद्ध बाजूला तशाच आणखी एक-दोन भिंती दिल्या, तर पार्किंगची फारशी जागाही जात नाही. लिफ्टची भिंत एकाच कोपऱ्यात ठेवली तर मात्र इमारत हादऱ्यात पिळवटते. तळमजल्यावर दुकाने असलेल्या जुन्या इमारतींत शोरूम मोठी करण्यासाठी मधल्या भिंती काढून टाकण्याचे प्रकार सर्रास चालतात; ते करताना आपण बांधलेल्या इमारतीचे स्टिल्ट करीत आहोत, हे मालकाच्या ध्यानीमनीही नसते.

डोंगर उतारावरच्या बांधकामांचा प्रश्न आपल्याकडे पर्यावरणाच्या अंगाने पुष्कळ चर्चिला जातो, आणि तो व्हायलाच हवा. चौकटीच्या अंगानेही तो गंभीर आहे. उतारावर एकाच स्लॅबखाली दरीकडचे कॉलम उंच आणि डोंगराकडचे बुटके असतात. बुटके कॉलम सुरक्षित असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तीन मीटरच्या कॉलमपेक्षा दीड मीटरचा कॉलम आठ पट ताठ असतो, आणि स्लॅब सर्वांना सारखाच हलवत असल्यामुळे आठ पट बळ त्याच्या वाट्याला येते. असे कॉलम तिरप्या भेगा पडून फुटतात. शाळांच्या वर्गात खिडकीच्या तळापर्यंत पक्की भिंत बांधून वरचा भाग मोकळा सोडला की तेथेही हाच प्रकार घडतो, आणि शाळा व इस्पितळे यांच्यासाठी मानकाने दीड पट बळ धरायला सांगितलेले आहे ते उगीच नव्हे.

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेचा मुद्दा थोडक्यात. गंज प्रथम पकडतो ती रिंग, कारण ती सर्वांत बाहेर आणि सर्वांत बारीक असते. किनाऱ्यालगतच्या उघड्या बांधकामाला एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर हवे. कव्हरचे ठोकळे न लावता ओतलेल्या कॉलममधून काही पावसाळ्यांतच तांबूस डाग दिसू लागतात. वरून प्लॅस्टर करून घेतले की डाग झाकतो, रिंग मात्र आत झिजतच राहते.

या सगळ्याला जबाबदार कोण, तर माझ्या मते सर्वप्रथम आम्ही संरचना अभियंते. चौरस मीटरच्या दराने ठरणाऱ्या मानधनात साइटवरच्या फेऱ्या धरलेल्या नसतात, म्हणून आम्ही जात नाही, आणि तरीही काम आराखड्यानुसार झाल्याच्या कागदावर सही करतो. बिल्डरचा दोष त्यानंतर येतो. पंचायत आणि पालिकेकडे चौकट तपासू शकेल असा माणूसच नसतो. नगरनियोजन खाते सेटबॅक, उंची आणि चटईक्षेत्र बारकाईने पाहते, पण रिंग पाहणे हे त्याचे काम समजले जात नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून सुमारे तीस जीव गेले, तेव्हा भूकंप झालेला नव्हता. त्या इमारतीच्या फायलीतही परवाने होतेच. स्वतःच्या वजनाखाली एखादी इमारत कोसळू शकते, एवढी ढिलाई जेथे चालते तेथे आडव्या बळाची परीक्षा कोण घेणार?

माझ्या सूचना अवघड नाहीत. संरचना दाखल्यासोबत आडव्या बळाला ज्याने भागले तो आकडा, कॉलमची किमान रुंदी आणि सांध्याचा तपशीलवार नकाशा जोडणे सक्तीचे करावे. स्टिल्टवरची आणि उतारावरची प्रत्येक इमारत, तसेच शाळा आणि इस्पितळे यांचा आराखडा दुसऱ्या, बिल्डरशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. गोव्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापक हे काम सहज करू शकतील. प्रत्येक मजल्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी सांध्यांची आणि कॉलमच्या टोकांची, फूटपट्टी लावून काढलेली छायाचित्रे फायलीत यावीत आणि निवासी दाखला मागताना ती सादर करावी लागावीत. बार-बेंडरचे काम करणारे बहुतेक मजूर परराज्यांतून येतात, त्यांना हे कोणी शिकवलेले नसते; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून त्यांच्यासाठी आठवड्याभराचा वर्ग चालवणे सरकारला जड जाऊ नये.

जुन्या इमारतींबद्दल घबराट पसरवण्याची माझी इच्छा नाही, आणि सगळ्या पाडून नव्या बांधा असे म्हणणे तर बेजबाबदारपणाचे होईल. २००२ पूर्वी झोन तीनमधल्या पाच मजल्यांपर्यंतच्या सामान्य निवासी इमारतींना आय.एस. १३९२० लागूच नव्हते, त्यामुळे त्या काळच्या बिल्डरवर ठपका ठेवण्यातही अर्थ नाही. मात्र स्टिल्टवरच्या जुन्या इमारतींच्या गृहनिर्माण संस्थांनी रंगकामाचा पुढचा ठराव करण्याआधी एकदा तळमजल्याच्या कॉलमची तपासणी करून घ्यावी. निवडक कॉलमच्या मध्ये दोन्ही दिशांना काँक्रीटच्या भिंती उभारणे आणि उरलेल्या कॉलमना बाहेरून नव्या सळ्या व रिंगांचे वेष्टण देणे हे काम रहिवाशांना घराबाहेर न काढता होते. दोन-चार गाड्यांची जागा जाते. कोणाच्या गाडीची जागा जाणार यावर सर्वसाधारण सभेत भांडण होईल, याची मला कल्पना आहे. म्हणून या खर्चाचा काही भाग सरकारने उचलावा आणि गेलेल्या पार्किंगची अट अशा इमारतींपुरती शिथिल करावी, अशी विनंती आपल्या दैनिकाद्वारे संबंधित खात्याला करीत आहे.

आपला,
एक निवृत्त संरचना अभियंता
फोंडा, गोवा